दारावरची पट्टी आणि टपालातलं पत्र



गेल्या गुढीपाडव्याची गोष्ट. आपल्याच मंडळातल्या एका घरी जेवणं झाली, श्रीखंडाने डोळे जड झाले आणि आम्ही चार-पाच जण नेहमीप्रमाणे किचनमधल्या टेबलाशी गप्पा छाटत बसलो. टेबलाच्या कोपऱ्यात टपालाचा ढीग होता. तसा तो आपल्या सगळ्यांच्याच घरी असतो. पिझ्झाची कूपनं, क्रेडिट कार्डांची आमिषं, गटर साफ करून देणाऱ्यांच्या जाहिराती. वहिनी तो ढीग उचलून कचऱ्यात टाकायला निघाल्या, तेवढ्यात आमच्यापैकी एकाची नजर मधल्या एका पाकिटावर गेली.

"वहिनी, थांबा जरा. हे टाकू नका."

"अहो, ते गाडीवाल्यांचं असतं. सारखं येतं. वॉरंटी विकतात मेले."

पाकीट फोडलं. वॉरंटीवाले नव्हते. त्यांची लेक जी गाडी रोज अ‍ॅन आर्बरला कॉलेजला नेते, तिच्या ब्रेकची नळी रस्त्यावरच्या मिठाने गंजून फुटू शकते, डीलरकडे आणा, फुकट बदलून देऊ, असं ते पत्र होतं. खाली लिहिलं होतं की ही तिसरी सूचना आहे. म्हणजे आधीची दोन पत्रं कूपनांबरोबर गेली होती. गाडी कुठल्या कंपनीची ते इथे सांगत नाही. प्रश्न त्या एका कंपनीचा नाहीच.

त्या टेबलाशी बसलेले आम्ही सगळे गाड्यांच्या धंद्यातले. कोणी डिट्रॉइटच्या मोठ्या कंपनीत, कोणी तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यात. दोघांनी उमेदवारी भोसरी-चिंचवडला केलेली. दिवसभर दुसऱ्याच्या मालात चुका शोधणं हेच आमचं काम. त्या रात्री घरी जाऊन आम्ही आमच्या स्वतःच्या सात गाड्या तपासल्या. दोन गाड्यांची दुरुस्ती बाकी निघाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेव्हा ठरवलं की या अंकात आपल्या धंद्याबद्दल चार गोष्टी सरळ सांगायच्या.

दारावरची पट्टी

उद्या सकाळी गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या कडेला किंवा बाजूच्या खांबावर पाहा. एक पट्टी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष, ती किती वजन पेलते ते आणि तिचा सतरा खुणांचा क्रमांक असतो. शिवाय एक वाक्य असतं. त्याचा मथितार्थ असा, की वर दिलेल्या तारखेला लागू असलेल्या सुरक्षिततेच्या सगळ्या केंद्रीय नियमांप्रमाणे ही गाडी आहे.

हे वाक्य कोणी लिहिलं? आपण भारतातून आलेली माणसं चटकन म्हणतो, सरकारने. इथेच आपण फसतो. अमेरिकेत हे प्रमाणपत्र गाडी बनवणारी कंपनी स्वतःच स्वतःला देते. गाडी विकण्याआधी सुरक्षिततेसाठी सरकारी शिक्का मारून घ्यावा लागत नाही.

ही पद्धत १९६६ सालची. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक निघालं होतं आणि गाड्यांच्या रचनेतल्या दोषांवर देशभर चर्चा पेटली होती. १९६६ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून जास्त माणसं मेली. त्याच सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. पहिलं मानक सीटबेल्टचं, १ मार्च १९६७ पासून लागू झालं. पुढे ब्रेक, काचा, दिवे, दारांची कुलपं, एअरबॅग, लहान मुलांच्या सीट अशी यादी वाढत गेली. अलीकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे मागचं दाखवणारा कॅमेरा. १ मे २०१८ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या छोट्या गाडीत तो लागतो, आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे.

सरकार मग काय करतं? या कामाची संस्था म्हणजे एनएचटीएसए. ती नियम करते, डीलरच्या आवारातून गाड्या विकत घेऊन स्वतः तपासते, लोकांच्या तक्रारी वाचते आणि चूक सापडली तर कंपनीला गाड्या परत बोलवायला लावते. परीक्षा आधी नाही, नंतर. पण केव्हाही.

भारतात उलट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे नेऊन पास करून घ्यावा लागतो. पुण्याच्या मंडळींना ती संस्था वेगळी सांगायला नको. कोथरूडच्या बाजूने ज्या टेकडीवर आपण पहाटे फिरायला जायचो, तिला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात, ती याच संस्थेमुळे. गंमत म्हणजे एआरएआयची स्थापनाही १९६६ सालचीच. युरोपातही आधी मंजुरी, मग विक्री अशीच पद्धत आहे.

अमेरिकेतही धुराचा हिशेब वेगळा आहे. गाडीच्या धुरासाठी ईपीएचं प्रमाणपत्र विक्रीच्या आधीच घ्यावं लागतं. पण आधी मिळालेला शिक्का म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांना तो मिळालेला होता. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी युक्ती त्यांच्या संगणकात बसवलेली होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हा आकडे जुळेनात. सप्टेंबर २०१५ मध्ये ईपीएने ते जाहीर केलं.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ती खरी ठरते, कारण भांडं एक, पाणी एक, आच एक. गाडीचं तसं नाही. सरकारने तपासली ती एक गाडी. तुमची गाडी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाळीत, वेगळ्या हातांनी बनलेली आहे आणि तिचे हजारो भाग शेकडो कारखान्यांतून आलेले आहेत. त्या एका गाडीचा निकाल तुमच्या गाडीला लागू पडायचा तर प्रत्येक ठिकाणी आच सारखीच राहिली पाहिजे. कारखान्यातली क्वालिटी म्हणजे ही आच सारखी ठेवण्याचा खटाटोप.

सुटा भाग पुरवणाऱ्याला आधी 'पीपॅप' नावाचं दिव्य करावं लागतं. नेहमीच्याच मशीनवर, नेहमीच्याच माणसांकडून, नेहमीच्याच वेगाने माल काढून दाखवायचा. मोजमापं, धातूचे अहवाल, कुठे काय चुकू शकतं आणि ते कसं पकडणार याचा तक्ता, सगळं जोडायचं. गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय माल हलत नाही. आणि सही झाल्यावर साधा स्प्रिंगसुद्धा न कळवता बदलायचा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

असेंब्ली लाइनवर महत्त्वाचा बोल्ट आवळणारं यंत्र प्रत्येक वेळचा टॉर्क मोजतं. कमी पडला तर लाल दिवा लागतो आणि गाडी पुढे सरकत नाही. आकडा गाडीच्या क्रमांकासकट साठवला जातो. हाताने तपासलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारतात. तुमच्या गाडीखाली वाकून पाहिलंत तर अशा रेघा दिसतील. शेवटी गाडी रोलरवर पळवून ब्रेक पाहतात, दिव्यांची दिशा लावतात, पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करून कुठे गळतं का ते बघतात.

हे नीट चाललंय असं तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासावं लागतं. आमच्यापैकी एकाचा भोसरीचा अनुभव सांगतो. वर्कशॉप लहान होतं. एका भागातल्या भोकात पिन बसायची. भोक तपासायला प्लग गेज होतं. त्याचं 'गो' टोक आत गेलं पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये. साधी गोष्ट. गेज रोज शेकडो वेळा आत-बाहेर करून झिजलं. झिजलेलं टोक बारीक भोकातही सहज जातं. म्हणजे नापास माल पास होऊ लागला आणि इन्स्पेक्टर मनापासून सही करत राहिला. गेज पुन्हा तपासून आणायची तारीख केव्हाच उलटली होती. एक दिवस गिऱ्हाइकाकडून निरोप आला, पिना बसत नाहीत.

खरी फजिती पुढेच झाली. कुठल्या खोक्यात कुठल्या पाळीचा माल आहे याची चिठ्ठीच नव्हती. चिठ्ठी असती तर वाईट दिवसांची खोकी वेगळी काढता आली असती. ती नव्हती, म्हणून सगळा महिन्याचा माल फोडून एकेक नग पाहावा लागला. मालक, फोरमन, शिकाऊ पोरं, सगळे तीन रात्री जमिनीवर बसून भोकं मोजत होते. तेव्हापासून आमचा हा मित्र घरच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख घालतो.

नंबर बदलला नाही म्हणून

त्या चिठ्ठीची किंमत किती असू शकते, ते आपल्या डिट्रॉइटनेच २०१४ मध्ये पाहिलं. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांचा इग्निशन स्विच ढिला होता. किल्ली फिरवायला निदान १५ न्यूटन-सेंटीमीटर जोर लागावा असं कागदावर होतं, प्रत्यक्षात त्याहून कमी लागत होता. खड्ड्यात चाक गेलं, किल्लीच्या जुडग्याचं वजन पडलं किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत स्विच मागे सरके. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद.

२००६ मध्ये या स्विचची आतली रचना सुधारली गेली. पण भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढे कंपनीचे तपास करणारे गोंधळात पडले. जुन्या गाड्या बिघडतात, नव्या बिघडत नाहीत, आणि कागद म्हणतो दोन्हींत एकच स्विच! जॉर्जियातल्या एका खटल्यात मृत मुलीच्या घरच्यांच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा आतला फरक डोळ्यांना दिसला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

आमच्या धंद्यात 'न कळवता बदल नको' आणि 'बदल केला तर नंबर बदला' हे नियम पाठ करून घेतात. तरुण इंजिनिअर कंटाळतात. कागदी घोडे म्हणतात. १२४ हा आकडा त्यांना सांगावासा वाटतो.

दुसरी गोष्ट टकाटा कंपनीच्या एअरबॅगची. एअरबॅग फुगवायला तिच्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत ते बिघडतं, आणि मग धक्का बसला की पिशवी फुगवण्याऐवजी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेले चाचण्यांचे आकडे टकाटाने खोटे लिहिले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत कंपनीने गुन्हा कबूल केला, तोही इथल्याच डिट्रॉइटच्या कोर्टात. अमेरिकेत जवळजवळ ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलायची पाळी आली. इतकं मोठं रिकॉल या देशात दुसरं झालेलं नाही. २०२४ पर्यंत अमेरिकेत २८ मृत्यू नोंदले गेले.

आता हे जरा थांबून वाचा. सगळ्यात धोक्याच्या ठरल्या त्या २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्या. २०१६ मध्ये सरकारने सांगितलं की प्रयोगशाळेत त्यांचे काही इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत दिसली, या गाड्या चालवूच नका. आठवून पाहा, त्या वर्षांत आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिली गाडी कुठली घेतली होती? आणि पुढे ती कोणाला दिली? नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला, भाच्याला, गाडी शिकणाऱ्या मुलाला. "चांगली चालते, घेऊन जा," म्हणून.

पत्र आपल्यापर्यंत का पोचत नाही

दोष सापडला की कंपनीने पाच कामाच्या दिवसांत एनएचटीएसएला कळवायचं आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्रं धाडायची, असा नियम आहे. दुरुस्ती फुकट. पण पत्र जातं ते राज्याच्या नोंदीत जो मालक आणि जो पत्ता असेल त्याला. इथे आपलं घोडं पेंड खातं. आपण अपार्टमेंट सोडून कँटनला घर घेतो, मग नोव्हायला मोठं घर घेतो. गाडी मित्राकडून घेतलेली असते. मुलगा गाडी घेऊन टेक्सासला जातो. आणि पत्र पोचलंच तर वॉरंटीवाल्यांच्या गर्दीत हरवतं.

खरं पत्र ओळखायची खूण आहे. २०१४ पासून पाकिटावर वाहतूक खात्याचं आणि एनएचटीएसएचं बोधचिन्ह असलेलं लेबल लागतं. केंद्रीय कायद्यानुसार पाठवलेली सुरक्षिततेची रिकॉल सूचना, असं त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतं. ते पाकीट फोडायचंच.

घरोघरी एवढं करा

एक. गाडीचा सतरा खुणांचा क्रमांक उतरवून घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या पट्टीवर आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर तो असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तेव्हा शून्य दिसला तर तो शून्यच. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर हा क्रमांक घातला की बाकी असलेली दुरुस्ती समजते. मुलानातवंडांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. वर्षातून दोनदा करा. घड्याळं मागेपुढे करतो त्या रविवारी केलं की लक्षात राहतं.

दोन. घर बदललं की सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात गाडीचा पत्ताही बदला.

तीन. जुनी गाडी घेताना विकत घेण्याआधी क्रमांक तपासा. बाकी असलेलं रिकॉल मिटवल्याशिवाय नवी गाडी विकता येत नाही. जुन्या गाड्यांना मात्र तसा केंद्रीय कायदा नाही. ३५ हून जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांना २०१६ पासून अशी गाडी भाड्याने देता येत नाही. पण मित्राकडून दोन दिवस मागून आणलेल्या गाडीला कुठलाच नियम नाही.

चार. फुकट दुरुस्तीचा हक्क कायद्याने पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं असतो. तुम्ही दुसरे मालक असा की चौथे, फरक पडत नाही. त्यानंतरही विचारायला लाजू नका. टकाटाच्या एअरबॅग जुन्या गाड्यांतही फुकट बदलून दिल्या जातात.

पाच. लहान मुलांच्या सीटनाही रिकॉल असतं. आपल्यात बारशाला सीट एका घरातून दुसऱ्या घरात जाते, ते चांगलंच आहे. पण नव्या सीटबरोबर येणारं, तिकीट न लावता टाकायचं कार्ड भरून पाठवा, आणि सीट पुढे देताना तिचा मॉडेल नंबर आणि तारीख तपासून द्या.

सहा. गाडीत काही विचित्र घडलं, म्हणजे चालता चालता बंद पडली, ब्रेक मऊ लागला, तर मेकॅनिकला सांगून गप्प बसू नका. एनएचटीएसएला कळवा. फोन १-८८८-३२७-४२३६. आपली एकट्याची तक्रार ती काय, असं वाटतं. पण तपास अशाच एकट्या-एकट्या तक्रारींतून सुरू होतो.

भारतातल्या मंडळींसाठीही एक ओळ. २०१९ च्या दुरुस्तीने तिथल्या मोटार वाहन कायद्यातही सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहे. तेव्हा आईवडिलांच्या पुण्या-नाशिकच्या गाडीबद्दलही फोनवर विचारा. डीलरकडून निरोप आला असेल तर "गाडी चालतेय की" म्हणून ते टाळतात.

आम्ही या धंद्यात आयुष्य घातलं. इथे ही साखळी पट्टीवरच्या वाक्यापासून सुरू होते, लाइनवरच्या लाल दिव्यातून जाते आणि टपालाच्या पेटीत संपते. मधल्या कड्यांवर आमच्यासारखे पगारी लोक नेमलेले आहेत. शेवटच्या कडीवर कोणीच नेमलेला नाही. तिथे आपणच आहोत.

त्या गुढीपाडव्याच्या घरची गाडी दुसऱ्याच आठवड्यात डीलरकडे गेली. नळी काढली तेव्हा मेकॅनिकने वहिनींना बोलावून दाखवली. वरून ठीक दिसत होती. मुरडली तर पापुद्रे सुटले. वहिनींनी तो तुकडा मागून घेतला आणि आता तो त्यांच्या किचनच्या खिडकीत, टपालाच्या ढिगाशेजारी ठेवलेला असतो.

गणपतीच्या दिवशी जेवणाच्या हॉलबाहेर आम्ही एक टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी गाडीचा क्रमांक कागदावर लिहून आणावा. आरती होईपर्यंत तपासून देऊ. दक्षिणा नाही, पण मोदक चालतील.

कळावे, लोभ असावा.

— मंडळातले गाडीवाले